एका बॅटरीची ड्रिल मशीन

हसू नका, पण माझ्या ड्रिल मशीनला बॅटऱ्या तीन आहेत आणि सोसायटीला माहितीये एकच. समोरचा समीर मशीन न्यायला आला की मी अर्धीच चार्ज झालेली बॅटरी लावून द्यायचो. भिंतीला एक-दोन भोकं पडली की हा परत दारात.

"काका, संपली!"

"बस मग. चार्ज होईपर्यंत चहा घे."

घरात मी एकटाच. तेवढंच बोलणं व्हायचं.

परवा खुशीत आला. "काका, आता तुमाला त्रास नाय. मी स्वतःची घेतली. दोन बॅटऱ्यांची, थांबायलाच नको!"

"छान केलंस. लाकूड कापायची मशीन आहे?"

"नाय."

लगेच तुर्भ्याला जाऊन घेऊन आलो. वायरवाली, टेबलासकट. चौघांनाही उचलणार नाही. फळी कापायची तर माझ्याच हॉलमध्ये थांबावं लागणार.