साबिहाकाकूंचा युक्तिवाद

परदेशात, पोरिरुआ शहरातल्या औषधांच्या दुकानात माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई काउंटरवरच्या मुलीशी मराठीत बोलत होत्या.

“साबिहाकाकू, मागच्या गोळ्या अजून उरल्यात? सर घेत नाहीत का?”

“यांनी दहा दिवस हात लावला नाही गं, वल्लरी. म्हणतात, गोळी काही करत नाही, करणारा अल्लाह.”

“सर असं म्हणतात? तत्त्वज्ञान शिकवायचे ना?”

“तीस वर्षं. जुन्या बगदादचे धर्मपंडित म्हणायचे, कापसाला विस्तव जाळत नाही, अल्लाह जाळतो. तत्त्वज्ञ म्हणायचे, जाळणं हा विस्तवाचा गुणच आहे. हे जन्मभर तत्त्वज्ञांच्या बाजूने भांडले. आता हात थरथरायला लागले, तर पक्षच बदलला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“आधी रडले. मग काल म्हटलं, तुमच्या पंडितांच्या मते विस्तवाजवळ कापूस आला की तो जाळायची अल्लाहची रीतच आहे ना? मग गोळी पोटात गेली की हात थांबवायचीही त्याची रीत असेल. त्याला संधी तरी द्या.”

“घेतली?”

“पाणी मागितलं. मग घेतली.”

“आणि हात?”

“तासाभराने स्वतः कप धरला. चहा सांडला नाही.”

“मग आता काय म्हणतात? गोळीने थांबला की अल्लाहने?”

“मी विचारलंच नाही, बाळा. यांना पाजेपर्यंत माझा रोज गार व्हायचा; काल मी शेजारी बसले आणि माझा चहा गरम असतानाच प्यायले. किती दिवसांनी!”