माणिककाकांचा गुडघा

माझ्या जुन्या बुलेटची गंमत सांगतो. डोंगरकडा गावच्या माणिककाकांकडून घेतली. काकांना त्यांच्या सासऱ्यानं लग्नात दिलेली गाडी, पण अजून आरशासारखी चकचकीत. म्हटलं, "काका, एक चक्कर मारून दाखवा."

"गुडघा दुखून राहिला," काका म्हणाले.

काकू आतूनच हसल्या. "लग्नापासून दुखून राहिला व्हय त्यांचा गुडघा! गाडी चालवताच येत न्हाई त्यांना. दर रविवारी स्टँडवरच चालू करायची, पुसायची अन् वरून गोधडी टाकायची."

काकांनी माझा हात धरला. "गावात बोलू नका."

"न्हाई बोलत," म्हटलं अन् गाडीला किक मारून निघालो.

पारावर बसलेली माणसं ताडकन उठली. एक म्हातारा ओरडला, "आरं बघा, माणिकची गाडी जागची हलते बी!"