हरवलेल्या वस्तूंचं गाव

(फोपनार. दिवस मावळतीचा. ओट्यावर धुरपदाबाई आणि जवळच्याच लालबागच्या ऑफिसातून नुकतीच परतलेली तिची सून कमल.)

धुरपदाबाई: मंग आज काय सापडलं तठी, त्या थंडीच्या गावात?

कमल: थर्मास, आई. स्वेटर घातलेला थर्मास.

धुरपदाबाई: थर्मासले स्वेटर?

कमल: एका म्हाताऱ्याच्या बायकोनं विणलं होतं. बायको वारली, अन् म्हातारा थर्मास बसमध्ये विसरला. त्यानं तक्रारीत लिहिलं, ‘निळा मोजा घातलेली बाटली’. डेपोवाल्यांनी लिहून ठेवलं, ‘थर्मास, लोकरी पिशवी’. शब्दच जुळत नव्हते. दुपारी माझ्या डोक्यात आलं, अरे, ही तर एकच चीज आहे!

धुरपदाबाई: भेटला त्याले?

कमल: भेटेल. कळवलंय मी.

धुरपदाबाई: लय चांगलं झालं. परवा मी बी गेली होती तठी, सपनात. धुकं नुसतं, केयीच्या बागेत पहाटी असते ना, तसं. पिवयी बस आली. आत मानूस एक नही. सगया सीटांवर छत्र्या बसेल. एकीनं सरकून मले जागा देल्ली.

कमल: छत्र्याच सगळ्यात जास्त हरवतात तिथे! मला पण झोपेत तिथल्या स्टॉपची नावं येतात. सात वर्षं झाली इथे कम्प्युटरवर त्यांच्या हरवलेल्या वस्तू जुळवतेय, परदेशातल्या त्या गावाची शकल नाही पाहिली. पण कोणत्या वळणावर लोक काय विसरतात, सगळं माहीत.

धुरपदाबाई: अन् उद्या काय सापडीन?

कमल: उद्या नाही, आई.

धुरपदाबाई: सुट्टी हाये?

कमल: काम संपलं. आज शेवटचा दिवस होता.

धुरपदाबाई: काय म्हनते!

कमल: तिथल्या दोन बस कंपन्या एक झाल्या. मतलब, मोठीनं छोटीला घेऊन टाकलं. आता दोघींचं कम्प्युटरचं काम पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडे. अरविंद सरांनी सकाळी आम्हाला सगळ्यांना बसवलं. स्वतःचं सेंटर त्यांचं, हातानं रंग दिलेला त्यांनी भिंतींना. बोलायला उभे राहिले अन् पाणीच पीत राहिले.

धुरपदाबाई: तुमच्याकून काही चूक झाली का?

कमल: नाही ना. चूक झाली असती तर निदान रडता आलं असतं.

धुरपदाबाई: मंग कायले काढून घेतलं?

कमल: हिशोब. आधी हे काम तिथल्याच बायका करायच्या. त्यांच्या एकीच्या पगारात इथे आम्ही चौघी बसायचो, म्हणून काम लालबागला आलं. आता पुण्याचे म्हणाले, आम्ही ते मशीनकडून करून घेऊ. मग आम्ही पण महाग झालो.

धुरपदाबाई: म्हंजे तुमच्यापायी तठच्या बाया घरी बसल्या होत्या?

कमल: हो… खरंच की. मी कधी असा विचारच नाही केला.

धुरपदाबाई: त्याहीची नावं मालूम हायेत तुले?

कमल: एकीचं. जुन्या नोंदींखाली असायचं. ऑड्री. ‘छत्री, काळी, दांड्यावर दातांच्या खुणा’, असं लिहायची. वाचलं की छत्री समोर दिसायची. मी तिच्याकडूनच शिकले, न भेटता.

धुरपदाबाई: केयीचं बी असंच. रावेरले भाव कमी लागला की व्यापारी तिकडं जाते, आपले घड उभेच राह्यतात. तो काही दुस्मन नसते. तरी तोंड कडू होते.

कमल: शेवटी कम्प्युटर बंद करताना वाटलं, त्या बसा आत्ताही चालल्या असतील. कोणीतरी काहीतरी विसरून उतरत असेल.

धुरपदाबाई: हं. पन तू अजून काहीतरी पोटात ठेवून बसली. चप्पल बी काढली नही पायातली.

कमल: पुण्याहून फोन आला होता. मला एकटीला बोलावतात.

धुरपदाबाई: त्या मशीनपाशी?

कमल: त्याला शिकवायला. मोजा अन् पिशवी एकच कशी, ते. दोन वर्षांचं काम आहे.

धुरपदाबाई: अन् ते शिकलं की तुले बी काढतीन?

कमल: साफ सांगितलं तसं. दोन वर्षं, बस.

धुरपदाबाई: बाकीच्या पोरी काय करतीन?

कमल: सुलभा शाहपूरच्या दवाखान्यात पर्ची फाडायला बसेन म्हणते. बाकीच्यांचं अजून काही ठरलं नाही. मी फोनचं कोणाला बोलले नाही. पण जिना उतरताना कोणाकडे पाहवेना.

धुरपदाबाई: तुले जायचं हाये का?

कमल: माहीत नाही.

धुरपदाबाई: खरं बोल.

कमल: जायचंय. आई, सात वर्षं एका खोलीत बसून आलेलं काम केलं. ते कुठून येतं, कोण ठरवतं, काहीच कळलं नाही. आज एका सकाळीत उठून गेलं. मला ते ठरवणारे जिथे बसतात ना, तिथे जाऊन पाहायचंय. दोन वर्षांत मशीन शिकेल, तर मी पण काही शिकेनच ना?

धुरपदाबाई: चुडामण काय म्हनते?

कमल: यांना सांगितलं नाही अजून. म्हणतील, लालबागपर्यंत ठीक होतं. अन् विमल… दहा वर्षांच्या लेकीला सोडून आई जाते का कुठे?

धुरपदाबाई: मी गेली होती.

कमल: तुम्ही?

धुरपदाबाई: चुडामण आठ वर्साचा होता. माह्यी बहीन अकोल्याले आजारी पडली, तिचं घर सांभाळाले गेली. सारा हिवाया गेला. आली, तं हा मले पाहून दाराआड लपला. दोन दिवस बोलला नही.

कमल: मग?

धुरपदाबाई: भूक लागली तवा बोलला.

कमल: अन् विमल नाही बोलली तर?

धुरपदाबाई: बोलीन. रुसली तं रुसू दे, पोरीचा हक्क हाये तो. पन तू अठी बसून रस्त्याकडे पाहत राहशीन, ते मले पाहवनार नही. चुडामणले मी सांगते, जेवल्यावर.

कमल: आई, तिला शाळेत दोन वेण्या लागतात. रिबिनी लावून. जरा सैल झाल्या तरी रडते.

धुरपदाबाई: हाक मार तिले. अन् कंगवा आन. आज मी घालते, तू नुसती बसून पाह्य.