दोरा समोर मिळेल

(बटणांचं दुकान. नव्या बाजार-इमारतीत हलायचं म्हणून खोकी बांधणं चाललं आहे.)

भाची : पण मावशी, त्या बाईंना दोरा आपणच दिला असता की. खालच्या फळीवर रिळं पडलीत, मी सकाळीच बघितली.

मावशी : ती घरच्या शिवणाची आहेत. आपण बटणं विकतो. दोरा समोर मिळतो, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

भाची : समोर म्हणजे मामाकडे.

मावशी : समोर म्हणजे समोर.

भाची : ज्याच्याशी तू शब्द बोलत नाहीस, त्याच्याकडे सकाळपासून गिऱ्हाइकं धाडतेयस. त्या शिंप्याला तर दोरा नकोच होता.

मावशी : शिंप्याला दोरा कधी नको असतो का?

भाची : आणि तो परत आल्यावर विचारतेस काय, तर दुकानदार उभा होता की बसलेला! बिचारा तुझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मावशी : तू खोकी बांधायला आलीस की माझी उलटतपासणी घ्यायला?

भाची : आईने दोन्हीसाठी पाठवलंय. सांग ना. उभा असला तर काय, बसलेला असला तर काय?

मावशी : त्याचा गुडघा गेलाय. बरं असलं की उभं राहून स्वतः माल काढून देतो. दुखायला लागला की बसूनच असतो, गिऱ्हाइकालाच म्हणतो, घ्या फळीवरून. शेजारी आहे, माहीत असावं माणसाला.

भाची : आणि तो तिकडून बटणांना माणसं पाठवतो, ती परत जाऊन तुझा खोकला सांगतात वाटतं?

मावशी : सांगत असतील. मी कशाला विचारू? ते खोकं नीट बांध, शिंपल्याची बटणं आहेत त्यात.

भाची : आई म्हणते, तुम्ही दोघं एका पाटीवरून भांडलात. मला वाटायचं ती गंमत करते.

मावशी : गंमत कसली. हे दोन्ही माल आधी एकाच दुकानात होते, तिकडे समोर. मी शाळेतून थेट तिथेच यायची. बाबांचे डोळे गेले तेव्हा बटण हाताला लावून कुठलं ते मीच सांगायची त्यांना. बाबा गेले आणि या शहाण्याने नवी पाटी रंगवून आणली. बाबांचं नाव, पुढे 'आणि मुलगा'. मी विचारलं, मी कोण? तर म्हणे, रंगाऱ्याने लिहिलं, सगळ्या पाट्यांवर तसंच असतं. मी बटणं उचलली आणि इकडे आले.

भाची : आणि पाटी?

मावशी : बघ की बाहेर. अजून आहे. पुसली का त्याने?

सेक्रेटरी : येऊ का ताई? आज शेवटचा दिवस आहे हो, आता तरी गाळा सांगा.

मावशी : या, बसा. ही माझी भाची. अगं, हे व्यापारी संघाचे सेक्रेटरी. नव्या इमारतीतले गाळे यांच्या हातात आहेत.

सेक्रेटरी : हातात कसले, डोक्यावर आहेत. कुलूपवाल्यांनी तळमजला घेतला, आरसेवाले पहिल्यावर गेले, छत्रीवाल्यांनीसुद्धा मोक्याची जागा पकडली. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दाराजवळचा गाळा देत होतो मी. तुम्ही आपलं उद्या, उद्या.

भाची : मावशी, दाराजवळचा गाळा सोडलास तू?

मावशी : विचार करत होते.

सेक्रेटरी : मी आता सांगूनच टाकतो. ताई, तुम्ही मला शपथ घातलीत आणि समोर त्यांनीही घातली. दोन शपथांमध्ये माझं भरीत झालंय. रोज तुम्ही विचारता, समोरच्यांनी कुठला घेतला. तिकडे गेलो की ते विचारतात, बाईंनी कुठला घेतला. तुमच्या या खेळात सगळे गाळे संपले.

मावशी : तो विचारतो?

सेक्रेटरी : रोज! आता दोनच उरलेत. तिसरा मजला, अगदी टोकाला, लागून लागून. लिफ्ट आहे, पण गिऱ्हाईक तिथवर येईल की नाही, देव जाणे.

भाची : मी मामाकडे जाऊन येते.

मावशी : कशाला?

भाची : दोरा आणायला.

मावशी : अगं थांब... गेली. आईवर गेली आहे अगदी.

सेक्रेटरी : ताई, रागावू नका, पण धंद्याचं नुकसान करून घेतलंत दोघांनी.

मावशी : कळतं मला. पण तळमजला घेतला असता आणि तो पडला असता तिसऱ्यावर, तर मला कोण सांगणार तो उभा आहे की बसलेला? आता मान वर केली की दिसतो. भांडण आहे ते आहेच. पण दिसायचाच बंद झाला तर, या विचाराने मला झोप लागत नाही हो.

सेक्रेटरी : मग एकदा बोलून टाकायचं.

मावशी : इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करतात, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

भाची : आले मी. दोरा नाही आणला.

मावशी : उभा होता का?

भाची : बसलेला. मी कोण ते सांगितलं तर उठायला लागला, मी म्हटलं राहू दे. दोन गाळ्यांचं त्याला कळलंय. त्याने एकच विचारलंय.

मावशी : काय?

भाची : गाळे लागून आहेत, तर वर पाटी एकच लागेल. त्यावर काय लिहायचं, ते समोरच्या बाईंना... नाही, ताईला विचार म्हणाला.

मावशी : ताईला म्हणाला?

भाची : ताईला.

मावशी : एवढं विचारायला दुसऱ्याला पाठवायचं? गल्ली ओलांडता येत नाही स्वतःला?

सेक्रेटरी : ताई, जरा बाहेर बघा. छत्रीवाल्याच्या खांबाला धरून येतायत ते.

मावशी : अगं, बघत काय बसलीस? त्या स्टुलावरचं खोकं उचल आधी. उभं राहवत नाही त्याला.