खडा सापडला की प्रश्न

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या गावच्या सरपंच दीपिकाताई, तालुक्याहून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक विनोद सर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपल्या आश्रमशाळेचे स्वयंपाकी जंगूभाऊ मडावी, त्यांची लेक दिव्यानी, जमलेले गावकरी बंधू-भगिनी, आणि सतरंजीवर बसून केव्हाचे स्वयंपाकघराकडे पाहत असलेले माझे विद्यार्थी,

सर्वांना नमस्कार. पाहुण्यांना मी माहीत नसेन म्हणून सांगतो. मी वामनराव गुरनुले, इथला विज्ञानाचा मास्तर. सत्कारमूर्तींविषयी चार चांगले शब्द बोला, असं विनोद सर म्हणाले आणि त्यांनी मला पाच मिनिटं दिली. पण चांगले शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळे वापरून टाकले. मितभाषी झालं, मनमिळाऊ झालं, कर्तव्यदक्ष झालं. जंगूभाऊ मितभाषी आहेत हे मला आजच कळलं. माझ्याशी तर हा माणूस इतकी वर्षं भांडतच आला आहे.

आता पाहा, एप्रिलच्या उन्हात आपण त्यांच्या अंगावर लोकरीची शाल टाकली आणि ती त्यांनी अजून काढलेली नाही. कूलरचं तोंड पाहुण्यांकडे आहे. तरी ते बसून आहेत. फक्त मधूनमधून दाराकडे पाहतात, उंबऱ्यावरचं ऊन कुठवर सरकलं ते बघतात. त्यांना उन्हं मावळायच्या आत एका ठिकाणी पोचायचं आहे. कुठे आणि कशासाठी, ते सांगण्यासाठीच मी उभा राहिलो आहे. ते स्वतः सांगणार नाहीत. कार्यक्रम सोडून उठणं त्यांना कधी जमलं नाही.

आपल्या शाळेत तांदूळ येतो तो कसा येतो, हे मुलांना विचारा. दाताखाली आलेला खडा कोणी विसरत नाही. म्हणून दुपारची जेवणं उरकली की जंगूभाऊ स्वयंपाकघरामागे मोहाच्या सावलीत सूप घेऊन बसायचे. मी तास संपवून जायचो. आणि कुंपणापलीकडच्या धानाच्या बांधीतून मुखरूभाऊ यायचे. मुखरू मोहुर्ले, गळ्यात माळ, भजनी मंडळाचे पुढारी. हातात वांगी नाहीतर वालाच्या शेंगा, शाळेसाठी. तिघं मिळून तांदूळ निवडायचो आणि आमचा एक नियम होता. ज्याला खडा सापडेल त्यानं प्रश्न विचारायचा, आणि सूप रिकामं व्हायच्या आत बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. प्रश्न देवाचा असो, पोटाचा असो, चालायचा. मात्र खडा दाखवल्याशिवाय प्रश्न नाही.

सगळ्यात जास्त खडे जंगूभाऊंना सापडायचे. ते घरून खिशात घालून आणतात, असा मुखरूभाऊंचा कायमचा आरोप होता.

एकदा जंगूभाऊंनी विचारलं, "मुखरूभाऊ, तुमी तुमच्या देवाले रोज आंघोळ घालता. आमचा देव वर्षातून एकदा नदीवर जाते. मंग जास्त मळते कोण?"

मुखरूभाऊ म्हणाले, "देव नाई मळत रे. त्याले हात लावणारे मळकट रायते, म्हणून रोज धुवा लागते."

मग मुखरूभाऊंना खडा सापडला, तो थेट माझ्यावर आला. "मास्तर, तुमी देव मानत नाई. मंग ठेच लागल्यावर 'अरे देवा' काऊन म्हणता?" या प्रश्नाचं उत्तर मी सूप रिकामं होईस्तोवर देऊ शकलो नाही. अजूनही देऊ शकलेलो नाही. मुलांनी हसायला हरकत नाही.

अशा हसण्या-खिदळण्यात बरीच वर्षं गेली. आता पुढचं सांगतो. समोर मुखरूभाऊंच्या पत्नी रुखमाबाई बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगतो.

जंगूभाऊंच्या पत्नी मंगलीबाई याच स्वयंपाकघरात मदतनीस होत्या. करोनाच्या आदल्या वर्षी असाच एक कार्यक्रम होता, याच सभागृहात. मंगलीबाई तापानं घरी पडून होत्या. दुपारी शेजारची बाई सांगायला आली की ताप उतरत नाही, घरी चला. जंगूभाऊ म्हणाले, "पाहुण्यायले भात वाढून येतो." भात तयार होता. पण भाषणं लांबली. एक झालं की दुसरं. पंगत बसली तेव्हा दिवे लागले होते. जंगूभाऊंनी शेवटच्या पाहुण्याला वाढलं, हात धुतले आणि घरी गेले. तोवर घरी रडारड सुरू झाली होती.

त्यांच्या समाजात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. गावाबाहेर, वाटेच्या कडेला. आणि जुनी माणसं मानतात की गेलेल्या माणसाला पूर्वजांनी आपल्यात घेतलं, तो तिकडे सुखी असला, तर त्याचा दगड वाढतो. मी विज्ञानाचा माणूस. दगड वाढत नाही हे मी सहावीला शिकवतो. पण जंगूभाऊंचे वडील गेले तेव्हाचा दगड त्यांच्या मांडीपर्यंत होता आणि आता कमरेला लागतो, असं ते शपथेवर सांगतात. मंगलीबाईंचा दगड मात्र गुडघ्याच्या खालीच राहिला.

दरवर्षी पंडुम असतो, नवं खाण्याचा सण. नवा आंबा, नवं मोहफूल आधी देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय ही माणसं तोंडाला लावत नाहीत. त्या दिवशी जंगूभाऊ ओंजळभर मोहफुलं घेऊन दगडाकडे जायचे, दगडाला गुडघा लावून उंची पाहायचे, आणि मान खाली घालून परत यायचे. एका वर्षी परत आल्यावर त्यांनी सुपातला खडा उचलला आणि विचारलं, "माणूस मेल्यावर रुसून रायते काय?"

आम्ही दोघं खाली बघून तांदूळ निवडत राहिलो. त्या दिवशी सूप रिकामं झालं आणि उत्तर राहून गेलं.

पुढच्या वर्षी पंडुमाहून जंगूभाऊ आले ते धावतच. "वाढला," म्हणाले. "वामनराव, वाढला. गुडघ्याच्या वर आला." मी मुखरूभाऊंकडे पाहिलं. ते खाली मान घालून तांदूळ निवडत होते, आणि तांदूळ तर निवडून झालेला होता.

आता, ज्यांनी बांधीत काम केलं आहे त्यांना माहीत असतं की प्रत्येकाच्या फावड्याची खूण वेगळी असते. मुखरूभाऊंच्या फावड्याचा एक कोपरा तुटलेला होता. चार-सहा दिवसांनी जंगूभाऊ पुन्हा दगडाकडे गेले. बुडाशी माती खरवडलेली, झुडपात फेकलेली, आणि मातीत त्या तुटक्या कोपऱ्याची रेघ. दुसऱ्या दिवशी ते आले, निवांत बसले, खडा शोधला, तळहातावर ठेवून दाखवला.

"मुखरूभाऊ, माती खाली गेली, तर दगड वाढला म्हणाचं काय?"

मुखरूभाऊंनी तो खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आपण खाली बसलो अन् लेकरू उभं रायलं, तर ते आपल्याहून उंच दिसते का नाई? त्या लेकराले आपण खोटं म्हणतो काय?"

जंगूभाऊ हसले. मंगलीबाई गेल्यानंतर मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. मलाही बरं वाटलं. एका माळकऱ्यानं लपतछपत जाऊन आपल्या मित्राच्या बायकोचा दगड वाढवला होता, आणि मित्रानं ते ओळखून त्याला माफ केलं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर मी आज आनंदानं बोललो असतो.

पण बुडाची माती गेली होती. श्रावणात दोन दिवस झड लागली आणि दगड आडवा झाला.

मुखरूभाऊ चिखलातून अनवाणी जंगूभाऊंच्या दारात गेले. आपण आत्ताच जाऊन उभा करू म्हणाले. पण ते तसं होत नाही. पडलेला दगड आपल्या मनानं उचलता येत नाही. गावदेवाचं सगळं करणारे भूमिया सुकलूभाऊ सांगतील त्या दिवशी, भाऊबंद जमवून, उन्हं मावळायच्या आत उभा करायचा. सुकलूभाऊ म्हणाले, थांबा. ते का म्हणाले ते मी विचारलं नाही, माझा तो अधिकारही नाही. दगड पडून राहिला. मुखरूभाऊंनी त्यानंतर खडा सापडला तरी प्रश्न विचारणं सोडलं. सापडलेला खडा ते गुपचूप बाजूला टाकायचे.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, त्यांना ताप आला. आम्ही दोघं गडचिरोलीला दवाखान्यात भेटायला गेलो. बोलण्याची ताकद राहिली नव्हती. तरी त्यांनी जंगूभाऊंचा हात धरला आणि विचारलं, "जंगू, तुयी बाई माह्यावर रुसली असंल काय रे?"

जंगूभाऊ म्हणाले, "तिथी गेल्यावर तिलेच विचारजो."

"अन् मंग तुले कसं सांगू?"

"सांगू नोको. मी येतोच नं."

दोघंही हसले. मला हसू आलं नाही, मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्या आठवड्यातच मुखरूभाऊ गेले.

तेव्हापासून सुपापाशी आम्ही दोघंच होतो. आणि उद्या पहाटे जंगूभाऊ दिव्यानीसोबत चंद्रपूरला जात आहेत, कायमचे. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, एकट्यानं राहता येत नाही. लेक दवाखान्यात नोकरीला आहे, तिला उद्याच हजर व्हायचं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे म्हणे. तिथे तांदूळ पिशवीतून निवडलेलाच येतो. लेकीचं करणं बरोबर आहे. मला ते आवडलेलं नाही, एवढंच.

आज सकाळी आपल्याच निरोपाच्या जेवणाचा तांदूळ जंगूभाऊ स्वतः निवडायला बसले. नाही म्हटलं तरी ऐकेनात. मी समोर बसलो. खडा दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून त्यांनी खडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"वामनराव, सुकलूनं आजचा दिवस देल्ला. आज दगड उभा होते. उद्या मी जातो. तुमी तर दगड मानत नाई. मंग दरसाल पंडुमाले जाऊन पाहान, अन् वाढला का नाई ते मले फोनवर खरं सांगान नं?"

मंडळी, त्यांच्या दोन मित्रांपैकी एकानं त्यांना मायेपोटी फसवलं होतं. दुसऱ्याची काही श्रद्धाच नाही, म्हणून तो खरं बोलेल, असा त्यांचा हिशोब. मी सूप पाखडत राहिलो. सूप रिकामं झालं आणि मी उत्तर दिलं नाही.

ते उत्तर आता देतो. जंगूभाऊ, मी जाईन. तुमच्यासारखाच गुडघा लावून पाहीन. पण खरं सांगेन का, याचा भरवसा माझ्यावर ठेवू नका. दगड वाढला नसेल आणि तिकडून तुम्ही फोनवर विचाराल, "वामनराव, काय म्हणते?", तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल ते मला आज माहीत नाही. फावडं माझ्याकडेही आहे.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. विनोद सर, तुम्ही चिठ्ठी पाठवली नाही, तुमचा आभारी आहे. जेवणाची सगळी तयारी केलेल्या बायांचे, मंडप बांधणाऱ्या पोरांचे, आणि आपलं दुःख चारचौघांत सांगू देणाऱ्या रुखमाबाईंचे मनापासून आभार.

आणि आता माफी. ती सगळेच वक्ते शेवटी मागतात, काही चुकलं असल्यास म्हणून. माझं काय चुकणार आहे ते मला आधीच माहीत आहे. अजून प्रमुख पाहुण्यांचं भाषण बाकी आहे. त्यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. ते संपल्याशिवाय सत्कारमूर्तीनं उठायचं नसतं, ही रीत मला कळते. पण सुकलूभाऊ आणि जंगूभाऊंचे भाऊबंद दुपारपासून दगडापाशी बसून आहेत, ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं आहे, आणि हा माणूस आजही भाषणं संपायची वाट पाहत बसला आहे. मंगलीबाई गेल्या त्या दिवशी या सभागृहात त्याला कोणी जा म्हटलं नाही. दीपिकाताई, पाहुणे साहेब, हा तुमचा अवमान समजू नका, आणि समजलात तरी तो माझ्या एकट्याच्या नावावर लिहा.

दिव्यानी, बाबांच्या अंगावरची शाल काढ, हात धर.

जंगूभाऊ, उठा आता. भात आमी वाढून घेतो.