खुडूक कोंबडीची टोपली

भिवंडीच्या स्टँडवर माझ्या शेजारी सासू-सून गाडीची वाट बघत बसल्या होत्या. सुनेच्या हातात नवी बॅटरी होती.

“आई, कागदपत्रं, तुमच्या गोळ्या नि सुका खाऊ पिशवीत भरून दाराशी टांगलाय. आता ही बॅटरी. यंदा नदीचं पानी घरात आलं का सगळ्यांनी शाळेत जायचं.”

“तुमी जावा. मी घरीच बरी.”

“मागल्या साली पन तेच! तुमी माळ्यावर नि आमचा जीव टांगनीला.”

“कोंबडी खुडूक बसलेली. अंड्यांवरनं उठवली असती तर पिलं गेली असती.”

“यंदा पन बसलीय.”

“मंग? कशी येऊ मी?”

“तुमी लेकीकडं होता, तवा मी तिला टोपलीतच बसवली. टोपली उचलायची, वरनं ओढनी टाकायची नि निघायचं.”

“चोच मारते ती.”

“मारली ना! हा बगा हात.”

“अगो बाय! नि शाळंत मास्तर घेतील तिला?”

“तुमाला घेतात, मंग तिला का न्हाय?”

सासू खूप हसली. गाडी लागली, तशी पदर सावरत उठली.

“मनीषा, पानी आलं का पिशवी तू घे. टोपली मी धरीन. तुझं नि तिचं जमायचं न्हाय.”