थोरल्याला सांगायचं कुणी

आजी: माझा एक शब्द जरी खोटा निघाला ना जावईबापू, तर ही जीभ इथंच ओट्यावर झडून पडो! ओरडून सांगते, ऐकू दे शेजाऱ्यांना. शब्द न् शब्द खरा!

जावई: अहो आई, हळू. मी एवढंच विचारलं, तुम्ही त्या थोरल्या झाडापाशी जाताय की नाही?

आजी: आणि मी सांगतेय का नाही जाणार ते. रानात शेवाळ्या झोपलाय.

जावई: हा कोण आता?

आजी: जनावर. अंगावर शेवाळ, शेवाळावर गवत. माणसाला वाटतं टेकाड आहे. तुमचे सासरे एकदा त्याच्यावर बसून डबा खात होते. बसले ओढ्याच्या इकडे, हात धुवायला उठले तर ओढ्याच्या पलीकडे! त्यानं झोपेत कूस बदलली होती.

नात: आणि डबा तिकडेच राहिला ना गं आजी?

आजी: डबा आणला. झाकण राहिलं. उगाच वाढवून सांगू नये.

जावई: तू मध्ये बोलू नकोस गं. आई, सकाळपासून माझी माणसं मशीन बंद करून पत्ते कुटत बसलीत. म्हणतात, झाडाला आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय करवत लावणार नाही. मी म्हटलं, चला, मी सांगतो. तर माझं चालत नाही म्हणे! वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंच खोडावर हात ठेवून सांगायचं, 'उद्या तुला पाडणार, तुझ्यात राहणाऱ्यांनो, निघा.' म्हणजे तुम्ही.

आजी: मला म्हातारी म्हणायला एवढे लांब आलात होय?

जावई: चेष्टा नको. नव्या रस्त्याचं सगळं काम त्या एका झाडापाशी येऊन अडलंय. साहेब येतील, झाड उभं दिसेल, आणि माझी मुकादमी जाईल. तुमच्याच लेकीचा संसार आहे, आई.

आजी: लेकीला विचारलंत?

जावई: ती बोलत नाहीये माझ्याशी.

आजी: गुणाची पोर!

नात: बाबा, आई काल ताट आपटून गेली, ते यामुळेच?

जावई: तू अभ्यास कर. आई, शेवटचं विचारतो.

आजी: मग शेवटचं ऐका. त्या रानात उलटपावल्या आहे. त्याची पावलं मागं वळलेली. त्याच्या मागावर निघालेला शिकारी चालत चालत आपल्याच घरी पोचतो, आणि बायको विचारते, काय आणलंत? तिथं एक अजगर आहे, इतका लांब, की तोंडाचे दात पडले तरी शेपटीला अजून कळत नाही आपण मोठे झालो ते. आणि एक हरीण. त्याच्या शिंगांत चिमण्यांनी घरटी केलीत, म्हणून बिचारं कानावर माशी बसली तरी मान हलवत नाही. आणि मी, दोन पायांची बाई, यांना म्हणू निघा? कुठल्या तोंडानं?

जावई: बरं बाबा. शेवाळ्याला झोपू दे. उलटपावल्याला वळसा घालू. अजगर, हरीण, सगळं कबूल. पण थोरल्यात कोण राहतं ते सांगा! एका झाडाचं बोला!

आजी: धनेशीण.

जावई: तिला किती शेपट्या?

आजी: एकच. आणि सध्या तीही नाही. ढोलीत शिरलीय अंडी घालायला. आत बसून दार लिंपून घेतलंय तिनं. चोच बाहेर येईल एवढीच फट. पिसं गाळून टाकलीत, उडता यायचं नाही. नवरा रानभर फिरून फळं आणतो आणि फटीतून भरवतो. पिल्लं तगेपर्यंत हेच. झाड पडलं तर आतच चिरडायची. मी कितीही निघा म्हटलं तरी निघणार कशी?

जावई: हात जोडले! टेकाड कूस बदलतं ते ऐकून घेतलं, पण पक्षीण स्वतःला भिंतीत चिणून घेते? ही मात्र शुद्ध थाप.

नात: बाबा, हेच तर खरंय.

जावई: तू पण आजीच्याच वळणाची!

आजी: जा ना मग. बघून या. ढोलीसमोर झुडपामागं गप्प उभे राहा. फोन बंद ठेवा तेवढा.

जावई: जातो! आणि काही दिसलं नाही, तर तुम्हाला हाताला धरून नेईन!

(बऱ्याच वेळानं. जावई परत येतो. चपला चिखलानं भरलेल्या.)

नात: बाबा, पाणी?

जावई: दे.

आजी: काय मग? थाप?

जावई: मी नीट लपलो नव्हतो. त्यानं मला बघितलं. चोचीत फळ धरून फांदीवर बसून राहिला. गिळेना की ढोलीकडे जाईना. मी मागं सरलो, पार वळणापर्यंत, तेव्हा कुठं तो गेला. आतून चोचीचं टोक बाहेर आलं. एवढंसं.

आजी: भूक लागली असेल तिला. तुमच्यामुळे खोळंबली.

जावई: साहेबांना काय सांगू, आई?

आजी: सांगा, सासू ऐकत नाही. कुणालाही पटतं.

जावई: नको. मी सांगतो, मी पाडणार नाही. ठेवलं तर ठेवतील, नाही तर दुसरं काम बघू. पोरांना मशीन गाडीत चढवायला सांगतो. पण पिल्लं उडाली की? मग तरी सांगाल ना थोरल्याला?

आजी: मग उलटपावलीचं बाळंतपण आहे.

जावई: धन्य आहे तुमची! येतो.

नात: आई आता बोलेल बाबांशी. आजी, ते गेले. खरं सांग ना, यातलं तू काय रचलंस?

आजी: जीभ शाबूत आहे ना माझी? सगळं खरं. एवढं एक सोडून.

नात: अजगर?

आजी: छे! ते झाडाला आदल्या दिवशी सांगायचं. मी नवी सून होते. तुझे आजोबा थोरल्यासाठी कुऱ्हाडीला धार लावत होते. मी ठोकून दिलं, आमच्या माहेरी आधी सांगतात, आणि तेही सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं. तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या माझ्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना उंबरासुद्धा ओलांडवत नव्हता.

नात: अगं, पण आज सगळी वस्ती पाळते ते!

आजी: हळू बोल. मशीनवाले अजून गेले नाहीत.